स्थलांतरित विणकर समाजाच्या धुरीणांचे सार्वजनिक शिल्प: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागाला ज्यांनी आकार दिला, त्या तेलुगू भाषिक विणकर समाजाच्या धुरीणांचे शिल्प उघड्यावर, सर्वांना दिसेल अशा जागी असावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. एखाद्या ठरलेल्या प्रकल्पाची ही माहिती नव्हे. असा विचार गंभीरपणे करू पाहणाऱ्या मंडळाला, विश्वस्त संस्थेला किंवा नागरिकाला आधी काय ठाऊक असावे, एवढाच येथील विषय आहे.

हा समाज सोलापुरात केव्हा आणि का आला?

एका वर्षाचे नाव घेऊन या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण हे येणे अनेक दशके चालू होते. आज ज्याला आपण तेलंगणा म्हणतो तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून सोलापुरात येणारे विणकर कुटुंब एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात येत होते. गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे गावोगावच्या हातमागाचा टिकाव लागेना, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने उरलासुरला आधारही काढून घेतला, आणि त्याच सुमारास रेल्वेने मुंबईशी जोडल्या गेलेल्या सोलापुरात कापड गिरणी उभी राहिली. पुढे जुनी गिरणी या नावाने ओळखली गेलेली ही गिरणी मोरारजी गोकुळदास यांनी काढली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या.

आलेल्यांपैकी बरेच जण गिरणीच्या खात्यात लागले, बऱ्याच जणांनी घरातच माग टाकला, आणि कित्येक घरांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या भागांत मागाचा खडखडाट आणि तेलुगू बोली एकमेकांसोबत रुजल्या. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर याच वस्त्यांतून तयार झाली. शिल्पाचा विचार करताना हा इतिहास बाजूला ठेवून चालणार नाही, कारण या समाजाचे पुढारीपण मागावर आणि गिरणीच्या फाटकाशी घडले. केवळ निवडणुकीच्या व्यासपीठावर नव्हे.

धुरीण म्हणून कोणाला घ्यावे?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो आणि तो आधी झालेला बरा. संसदीय राजकारण हा सर्वांत ठळक धागा आहे. गंगाधर कुचन हे १९८० आणि १९८४ मध्ये, धर्मण्णा सादूल हे १९८९ आणि १९९१ मध्ये, तर लिंगराज वल्याळ हे १९९६ मध्ये सोलापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे जवळपास अठरा वर्षे या शहराने सलगपणे तेलुगू भाषिक खासदार दिल्लीला पाठवला, आणि तोही दोन वेगवेगळ्या पक्षांचा. स्थलांतरितांच्या नातवंडा-पतवंडांना मराठी मुलखातील सर्वसाधारण मतदारसंघाने असा कौल द्यावा, ही बाब शिल्पाच्या मजकुरात यायलाच हवी.

तरीही केवळ खासदारांची रांग उभी केली तर शिल्प अपुरे राहील. शाळा आणि महाविद्यालये काढणारे, सहकारी सूतगिरण्या व संस्था चालवणारे, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटना बांधणारे, तेलुगू व मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखे साहित्यिक, हे सारे धुरीणच आहेत. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या कुचन प्रशालेत किंवा अ. रा. बुर्ला महिला महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या मुलींची संख्या पाहिली, तर शिक्षणातील पुढारीपणाचा परिणाम कोणत्याही आमदारकीपेक्षा दूरवर गेलेला दिसतो. निवड करताना पक्ष, पोटजात आणि पेठ या तिन्ही बाबतींत तोल राखणारी समिती असावी. तीत समाजाबाहेरचा एखादा इतिहासाचा अभ्यासक असला, तर वाद लवकर मिटतात.

हयात व्यक्तीचा पुतळा करता येईल का?

करू नये. कार्य मोठे असले तरी व्यक्ती हयात असताना तिचे शिल्प हे स्मारक न राहता प्रचाराचे साधन ठरते. कार्याचीच नोंद करायची असेल तर ती दुसऱ्या रीतीने होऊ शकते. उदाहरणार्थ, विडी कामगारांसाठी कुंभारी येथे उभी राहिलेली गोदावरी परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरकुले २००६ मध्ये कामगारांना मिळाली, आणि त्यानंतरच्या रे नगर या तीस हजार घरांच्या वसाहतीतील पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याचा उल्लेख चौथऱ्यावरील उठावशिल्पात घरांच्या ओळींच्या रूपाने करता येतो. तेथे चेहरा नसला तरी पाहणाऱ्याला सगळे समजते.

एकच पुतळा असावा की अनेकांचा समूह?

समूह असावा, आणि त्याचा नमुना सोलापुरातच आहे. १९३० च्या मे महिन्यात या शहराने इंग्रजी सत्ता काही दिवस झुगारून दिली, त्यानंतर लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या चौघांचे पुतळे या शहराने एकत्र उभारले. कन्नड, उर्दू, मराठी आणि मारवाडी घरांतून आलेली ही चार माणसे एकाच चौथऱ्याशी जोडलेली पाहण्याची सोलापूरकरांच्या डोळ्यांना सवय आहे; त्यामुळे समूहशिल्प येथे परके वाटणार नाही.

समूहशिल्पाचा आणखी एक फायदा असा की त्यात माणसांबरोबर काम दाखवता येते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे १९५९ मधील श्रमिकांचे शिल्प आहे; चार कामगार अंगातले सारे बळ लावून खडक हलवत आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव पाहणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. सोलापूरच्या शिल्पात धुरिणांची नावे असतील, पण त्यांच्या पाठीशी माग, धोटा, ताण्याची उभी सुते आणि कांड्या भरणारे हात नसतील, तर कोट-टोपी घातलेल्या चार-पाच पुरुषांचा तो गट कोणत्याही शहरातील कोणत्याही पुढाऱ्यांचा वाटेल. पुढाऱ्यांचे चेहरे काळाबरोबर अनोळखी होतात. माग मात्र पूर्व भागातले मूल अजूनही ओळखते.

स्त्रियांना शिल्पात स्थान कसे द्यावे?

नावांच्या यादीतून शोधू गेल्यास स्त्रिया फारशा सापडणार नाहीत, आणि हा दोष यादीचा आहे. पूर्व भागातील घरे कित्येक दशके विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीवर चालली. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाला मंदी आली, तेव्हा तर अनेक घरांत तीच एक नियमित मिळकत उरली. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि मोजून कारखान्यात नेऊन द्यायचे, हे काम त्यांनी मांडीवर सूप घेऊन केले, आणि मोर्च्यांच्या पुढच्या रांगेतही त्याच होत्या. म्हणून सूप घेऊन बसलेली स्त्री शिल्पाच्या कडेला सजावटीसाठी न ठेवता, धुरिणांच्या उंचीइतक्याच प्रमाणात आणि समोरच्या बाजूला असावी. आरोग्याला अपायकारक वस्तूचे उदात्तीकरण होईल, असा आक्षेप यावर येतो. त्याला उत्तर एवढेच की शिल्प विडीचे नसून तिच्या मजुरीवर शिकलेल्या पिढ्यांचे आहे.

हे शिल्प फक्त पद्मशाली समाजाचे असेल का?

पद्मशाली समाज संख्येने आणि संस्थांनी मोठा असल्याने त्याचे ठसे अधिक असतील, हे स्वाभाविक आहे. मात्र सोलापूरचा माग कुरुहिनशेट्टी, तोगटवीर, स्वकुळ साळी आणि मोमीन विणकरांनीही चालवला आहे. शिल्पाचे नाव एका जातीवर ठेवावे की ‘विणकर’ या व्यवसायावर, याचा निर्णय निधी गोळा करण्यापूर्वी घ्यावा. नंतर घेतलेला निर्णय देणगीदारांना फसवणूक वाटतो.

जागा कोणती निवडावी? चौकाच्या मधोमध चालेल का?

चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर पुतळा किंवा अन्य बांधकाम उभारण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असे बंधन आहे. शहरातील कित्येक चौकांत पुतळे दिसतात हे खरे, पण त्यांतील बरेच जुन्या काळचे आहेत आणि त्यांचा दाखला नव्या अर्जाला उपयोगी पडत नाही. त्यामुळे महापालिकेचे उद्यान, संस्थेच्या मालकीचे पण लोकांना खुले असलेले आवार, किंवा रस्त्याच्या हद्दीबाहेरची मोकळी जागा हेच पर्याय उरतात.

खरा पेच वेगळाच आहे: शिल्प पूर्व भागात असावे की शहराच्या मध्यभागी? कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्यांच्या सन्मानार्थ बेसिल वॉटसन यांनी घडवलेले विंडरश स्मारक २२ जून २०२२ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्थानकात उभे राहिले. सुटकेसांच्या ढिगावर उभे असलेले पुरुष, स्त्री आणि मूल असे ते शिल्प आहे. ते स्थानकात नको, ब्रिक्स्टन या कॅरिबियन वस्तीत हवे, असा आक्षेप त्या समाजातील काही कार्यकर्त्यांनीच घेतला होता. म्हणजे हा पेच सगळीकडचाच आहे. मध्यभागी ठेवल्यास साऱ्या शहराला ते दिसते. वस्तीत ठेवल्यास त्याची रोज देखभाल होते. आमचे मत वस्तीच्या बाजूने आहे, कारण नारळी पौर्णिमेला निघणाऱ्या मार्कंडेय रथोत्सवाच्या निमित्ताने सारे शहर तसेही पूर्व भागाकडे येते. मात्र जागा रथाच्या वाटेत अडथळा ठरू नये आणि गर्दीत शिल्पाच्या कठड्यावर लोक चढणार नाहीत इतकी ती आत असावी.

कोणकोणत्या परवानग्या लागतात?

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २ मे २०१७ च्या शासन निर्णयाद्वारे पुतळे उभारण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली आहेत. त्यांचा गाभा असा की जागेची मालकी निर्विवाद असावी, स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव असावा, पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र असावे, पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जावा. सोलापुरात ठराव म्हणजे महापालिकेचा ठराव. पुतळ्याचे पावित्र्य राखण्याची आणि देखभालीची जबाबदारी उभारणाऱ्या संस्थेने लेखी स्वीकारायची असते.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मातीचा नमुना मान्य होण्याआधी ओतकामाची आगाऊ रक्कम देऊ नये. चेहऱ्यातील साम्य, अंगावरील वेश, हातातील वस्तू यांवर संचालनालयाकडून बदल सुचवले जातात आणि कुटुंबीयांनाही नमुना पाहिल्यावरच आजोबांच्या पागोट्याची बांधणी वेगळी होती हे आठवते.

कोणत्या धातूचे किंवा साहित्याचे शिल्प करावे?

उघड्यावरील शिल्पासाठी कांस्य हेच योग्य. भारतात पुतळ्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रणात सुमारे ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के असे प्रमाण असते. मातीत घडवलेल्या आकृतीचा साचा घेतात, त्या साच्यातून मेणाची पोकळ प्रत काढतात, तिच्याभोवती उष्णता सोसणारे आवरण चढवतात, भट्टीत मेण वितळवून बाहेर काढतात आणि त्या पोकळीत रस ओततात. मोठे शिल्प तुकड्यांत ओतून नंतर जोडले जाते, आणि जोड घासून, रसायनांनी रंग चढवून एकजीव केले जातात.

फायबर स्वस्त पडते, लवकर तयार होते आणि उद्घाटनाच्या दिवशी कांस्यासारखेच दिसते. परंतु चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचा रंग उडतो, पृष्ठभागाला बारीक भेगा जातात आणि दर काही वर्षांनी ते रंगवावे लागते. निधी अपुरा असेल तर पूर्णाकृतीचा आग्रह सोडून कांस्यातील उठावशिल्प काळ्या दगडाच्या भिंतीवर बसवावे. मागाचे, ताण्याचे आणि हातांचे काम उठावात अधिक खुलते, हे कोणताही अनुभवी शिल्पकार सांगेल.

आतील सांगाडा आणि पाया यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

बैठकांत सर्वांत कमी वेळ याच विषयाला मिळतो, म्हणून येथे थोडे सविस्तर. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उद्घाटनानंतर वर्षही होण्यापूर्वी कोसळला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांची आणि आतील सांगाड्याची चर्चा राज्यभर झाली. सोलापुरात समुद्राचा खारा वारा नाही, तरीही धोका संपत नाही. कांस्याला साधे लोखंड थेट टेकवले आणि त्या सांध्यात पाणी साचले, तर दोन धातूंच्या संपर्काने लोखंड नेहमीपेक्षा वेगाने गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे कवच आतून फाडते. यावर उपाय म्हणजे आतील सांगाडा स्टेनलेस स्टीलचा ठेवणे, दोन धातूंमध्ये विलग करणारा थर देणे आणि तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवणे. ही छिद्रे नंतर कोणी सिमेंटने बुजवणार नाही, हेही पाहावे लागते.

पायाच्या बाबतीत सोलापूरची काळी माती हा मुख्य प्रश्न आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर भेगा पडतात. अशा मातीवर उथळ चौथरा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो एका बाजूला कलतो. म्हणून खणती काळी माती संपून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावी, भोवतालचे पाणी बाहेर काढून द्यावे आणि वाऱ्याचा दाब धरून रचना अभियंत्याने केलेली आकडेमोड लेखी घ्यावी. चौथऱ्याला संगमरवराच्या पातळ फरशा चिकटवण्यापेक्षा या भागात सहज मिळणारा काळा दगड घडवून लावणे टिकाऊ ठरते.

उंची किती असावी?

माणसापेक्षा किंचित मोठी. विणकर बसून काम करतो. त्याला तीस फुटांवर नेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मजकूर कोणत्या भाषेत लिहावा?

मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही लिप्या सारख्याच आकारात. सुरिनामच्या पारामारिबो शहरात भारतातून गेलेल्या कंत्राटी मजुरांच्या स्मरणार्थ १९९४ मध्ये ‘बाबा आणि माई’ हे शिल्प उभे राहिले आणि २०१५ मध्ये त्याची प्रतिकृती कोलकात्यात, जेथून ती जहाजे सुटत, त्या घाटावर आली. दोन टोकांना एकच शिल्प, अशी ती कल्पना आहे. सोलापूरचे दुसरे टोक तेलंगणातील गावे आहेत, आणि लग्नकार्यांच्या निमित्ताने तिकडून येणारे पाहुणे आजही असतात. त्यांना आपल्या लिपीत नावे वाचता यावीत. मजकुरात जन्म-मृत्यूची वर्षे, मूळ गाव, केलेले काम आणि उभी केलेली संस्था एवढेच असावे. उद्घाटकांची, मान्यवरांची आणि देणगीदारांची नावे स्वतंत्र पाटीवर मागील बाजूस घ्यावीत; अनेक ठिकाणी ही पाटी मूळ मजकुरापेक्षा मोठी झालेली दिसते.

निधी कसा उभारावा?

समितीची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात करावी, किंवा आधीच नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावाने स्वतंत्र बँक खाते उघडावे. विनानोंदणी वर्गणी गोळा करू नये. एकाच मोठ्या देणगीदारावर अवलंबून राहिल्यास शिल्पातील चेहरेही तोच ठरवू लागतो, हे ध्यानात घेऊन कारखानदारांइतकेच कामगारांकडूनही, अगदी लहान रकमेत, पावती देऊन वर्गणी घ्यावी. आणि जमलेल्या निधीचा एक भाग मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजावर देखभाल चालेल, अशी तरतूद सुरुवातीलाच करावी.

शिल्पाचे छायाचित्र काढून दिनदर्शिकेवर किंवा चादरीच्या वेष्टनावर छापता येईल का?

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागेत कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र किंवा चित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. मात्र शिल्पाची त्रिमितीय प्रतिकृती करून विकायची असल्यास शिल्पकाराशी केलेला करार पाहावा लागतो. त्याच कायद्याचे कलम ५७ शिल्पकाराला आणखी एक संरक्षण देते: त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी कलाकृतीची मोडतोड किंवा विकृती झाल्यास तो दाद मागू शकतो. शिल्प पुढे हलवायचे झाले तर काय करायचे, हे करारातच लिहून ठेवलेले बरे.

देखभाल कोणी आणि कशी करायची?

कांस्य साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे, कोरडे करावे आणि वर्षातून एकदा त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून ते चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण शिल्पकाराने चढवलेला रंग त्यामुळे निघून जातो आणि खाचांतील काम पुसट होते. जयंतीला घातलेले हार दुसऱ्या दिवशी काढावेत. ओली फुले, हळद-कुंकू आणि दुधाचा अभिषेक यांनी धातूवर डाग पडतात. डिजिटल फलक आणि झेंड्यांच्या काठ्या कठड्याला बांधण्याची सवय शहरात सर्वपक्षीय आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे, पण त्याच्या आधाराने तक्रार करायला कोणीतरी ठरलेला माणूस लागतो. त्या माणसाचे पद समितीच्या घटनेतच नमूद असावे. जवळच्या शाळेला वर्षातून एकदा धुण्याचे आणि माहिती सांगण्याचे काम दिल्यास मुलांना नावेही पाठ होतात.